हौद्यातल्या कड्या

आदिनाथ कालेकरच्या आयुष्यात पाटी आधी येते आणि काम मागाहून. कधी कधी येतच नाही. पवना धरणाच्या काठावर तंबू टाकून पर्यटकांना राहायला द्यायचं त्याने ठरवलं, तेव्हा पहिल्या तंबूच्या आधी पाटी उभी राहिली. तिच्यावर शेकोटी होती, संगीत होतं, बोटिंग होतं. बोट आजतागायत आलेली नाही. मग तो जमिनीच्या व्यवहारांत मध्यस्थ झाला. पवनानगरच्या चौकात हात जोडलेला त्याचा फोटो लागला आणि पहिलं गिऱ्हाईक मिळायच्या आत वाऱ्याने तो अर्धा फाडला. बरेच दिवस चौकात नुसते जोडलेले हात दिसत होते. त्याच्याही आधी तळेगावच्या एका कारखान्यात तो सुरक्षारक्षक होता. ती नोकरी सुटली, कारण सुपरवायझरने शर्ट खोचायला सांगितला.

"आपुन मालक मानूस," तो अजूनही सांगतो. "आपल्याला कोन खोच म्हनतो?"

कशाचा मालक, हे त्याला तोंडावर विचारणारं माणूस भावकीत एकच आहे. ती त्याची वहिनी, शालन.

शालनचा नवरा, म्हणजे आदिनाथचा थोरला भाऊ, वारला त्याआधीच वाटण्या झाल्या होत्या. तिच्याकडे भाताची खाचरं, डोंगराच्या अंगाचं वरचं वावर आणि गोठा राहिला. आदिनाथकडे रस्त्याकडेची जमीन आली. ती बंगल्यांच्या स्कीमला गेली, आणि मधली काही वर्षं हॉटेलांत, सत्कारांत आणि वर सांगितलेल्या पाट्यांत घालवून उरलेल्याची शेवटी एक पिकअप झाली.

पिकअप हे कामाचं वाहन आहे. मावळात ती टोमॅटो नेते, मांडवाचे बांबू नेते, लोणावळ्याच्या बंगल्यांना गाद्या आणि जनरेटर पोचवते. आदिनाथच्या पिकअपने पहिल्या महिन्यात फक्त आदिनाथला पोचवलं. टपावर भोंगे बसले, मागच्या मालाच्या हौद्याच्या कडेने निळे दिवे धावू लागले, पुढच्या काचेवरची झालर इतकी खाली आली की रस्ता पाहायला त्याला मान तिरपी करावी लागे. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे माल चढवताना खाली पाडतात त्या दारावर, चमकत्या रेडियमच्या अक्षरांत एकच शब्द आला: रॉकेट.

रॉकेट हा बैल आहे. तो आदिनाथचा नाही. शालनच्या गाईचा तो गोऱ्हा, तिनेच वाढवलेला, अंगाने लांब, शिंगांनी सरळ. पवनाकाठच्या गावांत बैलगाडा शर्यतींचा हंगाम आला की अशा बैलावर सगळ्या गावाची मालकी निर्माण होते. आदिनाथने ती सर्वांत आधी सांगितली, एवढंच. शालनसाठी मात्र रॉकेट आठवड्याचे सगळे दिवस बैल होता. गोठ्यातल्या म्हाताऱ्या ढवळ्याच्या जोडीला तो गाडी ओढी, आणि वरच्या वावरात चढणारी शेणखताची गाडी ही त्या जोडीची खासियत होती. त्या वाटेवर ट्रॅक्टरवाले यायला कुरकुरतात.

गेल्या चैत्रात कार्ल्याच्या अंगाला एका गावच्या जत्रेत गाडे पळणार होते. आदिनाथ वहिनीच्या ओट्यावर येऊन बसला.

"वैनी, औंदा आपला रॉकेट पुढच्या जोडीत. समदं ठरलंय. माइकवर नाव निगनार."

"कुनाचं?"

"आपलंच की. कालेकरांचं."

"कालेकर गावात लय हायत, भावजी. बैल कुनाचा म्हनून निगंल?"

आदिनाथने तंबाखू थुंकण्यात थोडा वेळ काढला. "तुमचंबी निगंल."

इथे शालनचंही चुकलं, हे नोंदवायला हवं. मैदानावर माइकवरून आपलं नाव पुकारलं जावं, असं तिलाही वाटलं. तिने नाही म्हटलं नाही. तिने अट घातली. मागच्या खेपेला शेजारच्या गावी जाताना आदिनाथने रॉकेटला नायलॉनच्या दोरीने हौद्याच्या बाहेरच्या आकड्यांना बांधलं होतं. ते आकडे पोत्यांवरची ताडपत्री ओढून धरायला असतात. बैल वळणावळणाला घसरला आणि दोन्ही गुडघे सोलून घेऊन घरी आला.

"आधी हौद्यात कड्या बसवा," शालन म्हणाली. "घट्ट. केबिनच्या अंगाला. कांद्याच्या पोत्यावानी माजा बैल न्यायचा न्हाई. कड्या बसल्या की बैल चढंल."

"एवडंच ना? उद्या बसत्यात."

कड्या बसवणं हे अवघड काम नाही. पिकअपच्या हौद्याचा तळ पातळ पत्र्याचा असतो. त्या पत्र्याच्या खाली आडवे लोखंडी चॅनेल असतात आणि सगळं वजन तेच झेलतात. कडी धरायची ती या चॅनेलला. वरून भोक पाडायचं, कडीचा बोल्ट आरपार खाली न्यायचा, खालून जाड पट्टी लावायची आणि नट आवळायचा. मग कडीला ओढ बसली तर ती गाडीच्या सांगाड्याला बसते, पत्र्याला नाही. जागाही ठरलेली. जनावर केबिनकडे तोंड करून उभं राहतं, म्हणून कड्या पुढच्या दोन कोपऱ्यांत. ब्रेक लागला तर जनावर पुढे जातं, छाती पुढच्या फळीला टेकते आणि दोरी सैल पडते. हे मावळात गुरं नेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आदिनाथलाही होतं.

पवनानगरच्या रस्त्यावर प्रदीपचं वेल्डिंगचं दुकान आहे. आदिनाथने कड्या स्वतः आणल्या होत्या, वडगावच्या बाजारातून, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या, जाड आणि जड. कड्या उत्तम होत्या. प्रदीपने ड्रिल मशीन उचललं.

"ते ठिव खाली," आदिनाथ म्हणाला. "नव्या गाडीला पयला दसरा होईस्तवर भोक पाडायचं नसतं."

असा नियम मावळात कुणी ऐकलेला नव्हता. आदिनाथने तो तिथेच, दुकानाच्या दारात उभं राहून तयार केला होता. भोंग्यांसाठी त्याच गाडीच्या टपाची चाळण झाली होती आणि दिव्यांच्या वायरी हौद्याच्या अंगातून गेल्या होत्या. पण ती भोकं शोभेची होती, ती मोजायची नसतात. गमतीची गोष्ट अशी, की दुकानात टायरवर बसलेल्या दोघा-तिघांनी लगेच माना हलवल्या. एकजण म्हणाला, त्याच्या आजोबांनीही बैलगाडीचं असंच पाळलं होतं. आजोबांच्या बैलगाडीला पत्रा नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

"मग वरून वेल्डिंग मारू?" प्रदीपने विचारलं.

"मार. पन रंग जाळू नगं. नुस्ता टाका मार."

"आन् कुटं? पुढं ना?"

"मागं. फाळक्यापाशी."

प्रदीपने मशीन हातात धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं. "शेठ, बैल मागं त्वांड करून नेनार?"

"आरं, मागून पन्नास मोटारसायकली येनार. समदी पोरं शूटिंग घेनार. त्यांना काय बैलाचं शेपूट दाखवू?"

टायरवरचे हसले. प्रदीपही हसला आणि त्याने तोंडावर काच ओढली. पातळ पत्र्यावर दोन टाके मारून लावलेली कडी कपाळावरच्या टिकलीएवढी टिकते, हे प्रदीपला माहीत होतं. ते त्याने सांगितलं नाही. गिऱ्हाईक सांगेल तसं काम, हे त्याच्या दुकानाचं तत्त्व आहे. त्या तत्त्वाने त्याचं कधी भांडण झालेलं नाही आणि त्याचं काम कुणाच्या लक्षातही राहिलेलं नाही. डाव्या कोपऱ्यातली कडी नुसत्या पत्र्यावर बसली. उजवीच्या खाली योगायोगाने चॅनेल आलं आणि तिथे टाका खोल गेला. हे त्या वेळी कुणी पाहिलं नाही.

जत्रेच्या सकाळी पिकअप उलटी नेऊन शेताच्या बांधाला लावली गेली. असा बांध हौद्याच्या उंचीचा असला की जनावर सरळ आत पाऊल टाकतं. रॉकेटच्या शिंगांना रंग होता, पाठीवर झूल होती. शालन आधी स्वतः हौद्यात चढली आणि कडी बघायला पुढच्या कोपऱ्यात गेली. तिथे काही नव्हतं.

"भावजी, कड्या मागं का?"

"उतरताना सोपं जातं, वैनी. मैदानात गर्दी असती. बैल मागं मागं घेत उतरवायचा म्हंजे बिथारतो. हितनं सरळ खाली."

खोटं बोलण्यात आदिनाथची एक बाजू भक्कम आहे: त्याचं खोटं नेहमी उपयोगी वाटतं. शालनने एका कडीला हात घालून जोरात ओढ दिली. माणसाच्या हाताला ती हलली नाही. भोवती पंचवीस माणसं उभी होती, हलगी सुरू झाली होती, आणि बाईमाणसाने खोळंबा केल्याचे आवाज मागून येऊ लागले होते.

"म्होरकीला बांधा," ती म्हणाली. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडाभोवतीची दोरी. "येसनीला दोरी लावायची न्हाई. लावली तर याद राखा."

"आवं, मी काय येडा हाय का?"

"ते मी कशाला सांगू? गाव हाय की."

बैल हौद्यात वळवून फाळक्याकडे तोंड करून उभा केल्यावर तिने स्वतः म्होरकीच्या दोन दोऱ्या दोन कड्यांना बांधल्या आणि ती खाली उतरली. पहिल्या वळणापर्यंत त्या दोऱ्या तिच्या हातच्याच होत्या.

वळणापलीकडे मागच्या मोटारसायकली ओरडू लागल्या. म्होरकीला बांधलेला बैल मान खाली घालतो. फोनच्या पडद्यावर नुसती झूल आणि शिंगं दिसत होती. "आदीभाऊ, त्वांड वर पायजे! फोटूत घाबरल्यावानी दिसतोय!" आदिनाथने गाडी थांबवली, मागे गेला आणि दोऱ्या सोडून वेसणीला आखूड बांधल्या. वेसण नाकाच्या पडद्यातून ओवलेली असते. तिला ओढ बसली की बैलाला मान वर करावीच लागते. रॉकेटची मान वर आली. तो फार रुबाबदार दिसला, असं ते चित्रण पाहिलेले सगळे सांगतात.

दुधिवऱ्याच्या खिंडीत सुट्टीच्या दिवशी मोटारी कुठेही थांबतात. पर्यटकांना मधोमध उभं राहून धरणाचा फोटो लागतो. खिंड ओलांडून उतार सुरू झाला, तेव्हा आदिनाथ आरशात मागच्या पोरांकडे पाहून हात हलवत होता. समोर पांढरी मोटार थांबलेली त्याला उशिरा दिसली. त्याने ब्रेक दाबला.

पिकअप थांबली. बैल थांबला नाही. त्याचं सगळं धूड केबिनच्या दिशेने मागे सरकलं आणि नाक तेवढं फाळक्यापाशी अडकून राहिलं. डावी कडी पत्र्याचा तुकडा घेऊन उखडली. उजवीही उखडली असती तर बैल हौद्यात पडला असता आणि खरचटण्यावर भागलं असतं. उजवी चांगली बसली होती. ती टिकली. नाक टिकलं नाही.

पन्नास मोटारसायकलींवरून आलेल्यांपैकी कुणाकडे दोरी कापायला काही नव्हतं. फोन सगळ्यांकडे होते. रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणारी, वरच्या ठाकरवाडीतली मुक्ताबाई विळा घेऊन हौद्यात चढली.

"आरं फोन ठिवा की मुडद्यांनो! त्याचं डोस्कं धरा कुनी!"

तिने दोरी कापली. रॉकेट डाव्या अंगावर पडला आणि बराच वेळ उठला नाही. मोटारीतले गृहस्थ खाली उतरून आले. "रेसचा बैल आहे का?" त्यांनी विचारलं. मुक्ताबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "आता न्हाई," ती म्हणाली आणि कणसं जळतात म्हणून निघून गेली.

जनावरांच्या डॉक्टरने नाक शिवलं. जखम भरेल, पण नाकाचा पडदा फाटला आहे, पुन्हा वेसण घालायला जागा उरलेली नाही, असं त्याने सांगितलं. बिनवेसणीचा बैल गाड्याला जुंपत नाहीत. घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, तो आवरत नाही. डोंगराच्या वाटेवर भरलेली गाडी घेऊनही त्याला नेता येत नाही, कारण उतारावर त्याला रोखायला हातात काही राहत नाही. म्हणजे रॉकेटची शर्यतही गेली आणि कामही.

आदिनाथ पुढचे काही दिवस वहिनीच्या ओट्याकडे फिरकला नाही. त्या काळात त्याने घटनेचा अभ्यास केला आणि दोषी शोधले. पहिला दोषी पांढऱ्या मोटारीचा चालक, दुसरा प्रदीप.

"मी सांगत हुतो," प्रदीप आपल्या दुकानात सांगत होता, "शेठ, बोल्ट मारू, बोल्ट मारू. ऐकलं न्हाई." टायरवरच्यांनी यालाही माना हलवल्या.

वैशाखात गावची स्वतःची जत्रा आली. तिच्यात शर्यत नसते, मिरवणूक असते. आणि आदिनाथला एक कल्पना सुचली. त्याच्या मते ती भरपाईची होती. तो पुन्हा प्रदीपकडे गेला. या वेळी दसऱ्याची वाट पाहिली नाही. भोकं पडली, बोल्ट आरपार गेले, खालून जाड पट्ट्या लागल्या, नटावर नट बसले. पुढे दोन कड्या, मध्ये दोन, मागे दोन. प्रदीपने गाडीखाली झोपून प्रत्येक चॅनेल शोधलं. कड्यांना सोनेरी रंग दिला गेला. हौद्यात नारळ फुटला, त्याचं चित्रण झालं आणि गावभर फिरलं. इतक्या भक्कम कड्या पवनानगरपासून खंडाळ्यापर्यंत दुसऱ्या कुठल्या पिकअपला असतील असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी उलटी घेऊन त्याच बांधाला लावली. मिरवणुकीची चार माणसं बरोबर होती. शालन गोठ्यातून बाहेर आली. मागे दाव्याला रॉकेट उभा होता. नाकाचे टाके काढलेले होते आणि एक नाकपुडी कायमची वर ओढली गेली होती.

"वैनी, या. कड्या बघा. हत्ती बांधला तरी हलायची न्हाई."

शालनने हात पुसले, बांधावरून हौद्यात पाऊल टाकलं आणि एकेक कडी ओढून पाहिली. मग खाली उतरून गाडीच्या बुडाशी वाकली आणि पट्ट्या पाहिल्या. घाई केली नाही.

"बेस झाल्यात," ती म्हणाली.

"मग? रॉकेटला फकस्त उभा करायचा. गाडी चालीनं चालनार. गावात फिरवून आनायचा. लोकांनाबी दिसंल, बैल ठीक हाय."

"लोकांना दिसंल?"

"व्हय की. लोक काय काय बोलत्यात, वैनी. मला तोंड दाखवाया जागा ऱ्हायली न्हाई."

"आन् त्याच्या तोंडाचं काय, भावजी? त्याचं तोंड दाखवून तुमी तुमचं धुनार व्हय?"

मिरवणुकीच्या माणसांपैकी एकजण खोकला. आदिनाथ हसला, अशा वेळी तो हसतोच. "वैनी, कड्या तुमीच सांगितल्या हुत्या. आता बसवल्या तर बैल द्याया नगं?"

"कड्या मी बैल जायच्या आधी सांगितल्या हुत्या."

ती गोठ्याकडे वळली. आदिनाथला वाटलं, बैल सोडायला गेली. तिने दाव्याला हात लावला नाही. गोठ्यामागे वर्षभराचा शेणखताचा ढीग होता, पाऊस यायच्या आत वरच्या वावरात जायला हवा होता. दरवर्षी तो रॉकेट आणि ढवळ्याच्या गाडीतून जाई. तिने भिंतीला टेकवलेलं फावडं आणि दोन घमेली आणली आणि बांधावर, सोनेरी कड्यांच्या समोर, ठेवली.

"गाडी लावलीच हाय सरळ," ती म्हणाली. "खत भरा. वरच्या वावरात टाकायचंय. बैल तुमी मोडलाय, वज्झं तुमी वाहा."

"वैनी, नवी गाडी हाय—"

"भोकं पाडली न्हवं? मग जुनी झाली."

मिरवणुकीची माणसं इतकी हसली, की त्यांतल्या दोघांनी आपणहून घमेली उचलली. आदिनाथने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या आयुष्यात पाटीशिवाय काम सुरू होण्याचा हा बहुधा पहिला प्रसंग होता. शालनच्या दारातून तो काही न करता गेला असता तर संध्याकाळी चौकात काय बोललं गेलं असतं, हे त्याला कळत होतं. तेवढं त्याला नेहमीच कळतं. त्याने फावडं घेतलं.

शर्ट खोचलेला नव्हता. वाकताना अडथळा व्हायला लागला तेव्हा त्याने तो खोचला.

वरच्या वावरात दुपारपर्यंत खेपा झाल्या. पिकअप पहिल्या गियरमध्ये, भोंगे बंद ठेवून चढत राहिली. गोठ्यातून रॉकेट रवंथ करत ती जाताना-येताना पाहत होता, किंवा नुसता तिकडे तोंड करून उभा होता. पहिल्याच खेपेला सहाही कड्या खताखाली गेल्या होत्या. शेणखताला बांधून न्यावं लागत नाही.